कवितेवरचा प्रश्न

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्रच्या सीमेलगत असलेल्या गुम्मिडिपूंडीस बदलीमुळे राहत असता शेजारच्या मराठी बिऱ्हाडातील मुलीची इंग्रजीची उत्तरपत्रिका पाहण्यात आली. कवितेतील विरहाचे दुःख कवी वाचकास कसे जाणवून देतो, असा प्रश्न होता. मुलीने अर्थ सुरेख लिहिला होता. गुण मात्र दहांपैकी तीन! वडिलांना तो अन्याय वाटला. मला त्यात एक जुनी चूक दिसली.

१८५५ साली लंडनमध्ये सनदी नोकरीची पहिली खुली परीक्षा झाली, तेव्हा इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास ह्यांस १५०० गुण होते, संस्कृतास अवघे ३७५. दोनच वर्षांनी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. इंग्रजी काव्य हा अशा रीतीने आपल्याकडे पोटापाण्याचा विषय झाला. सोप्या गद्यात अर्थ द्या, संदर्भासह स्पष्टीकरण करा, हे प्रश्न तर आपल्या चांगलेच परिचयाचे झाले. ते आपल्याला जडही गेले नाहीत. मल्लिनाथाच्या टीकेने अन्वय आणि अर्थ लावण्याची सवय होतीच. तमिळ मुलखात परिमेलळगराने तिरुक्कुरळवर तेच केले होते.

पुढे १९२९ साली केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌सचा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ आला. कवीचे नाव व काळ न सांगता त्याने विद्यार्थ्यांपुढे नुसत्या कविता ठेवल्या होत्या. अशा अध्यापनाचा प्रसार झाला तसा प्रश्नाचा रोख 'काय' वरून 'कसे' वर गेला. आपण मात्र 'काय' चेच उत्तर देत राहिलो.

गंमत अशी की, 'कसे' हा प्रश्न आपणांस परका नव्हे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त विभक्तिप्रत्यय, वचन, निपात ह्यांतूनही रस कसा सूचित होतो ते दाखविले आहे. मल्लिनाथही अर्थ सांगून थांबत नाही; अलंकार दाखवितो. शाळेत आपण त्याचा पहिला अर्धाच भाग उचलला. (आणि नुसते अलंकाराचे नाव लिहिणे म्हणजेही उत्तर नव्हे, त्या अलंकाराने तेथे काय साधले, हे परीक्षकास हवे असते.)

मी मुलीला प्रश्नातील 'कसे' खाली रेघ मारावयास सांगितले. 'तुलना करा' म्हटले असते तर दोन्ही कविता एकाच परिच्छेदात शेजारी आणाव्या लागल्या असत्या. 'चर्चा करा' म्हटले असते तर विरुद्ध बाजूही पाहावी लागली असती. दुसऱ्या खेपेस तिने अर्थ तीन ओळींत आटोपला आणि उरलेले पान कवीने चारदा योजलेल्या एका साध्या शब्दावर खर्ची घातले.