‘विसावलेली’ जहाजे

पॅसिफिक महासागरातील ट्रुक (आजचे चूक) बेटांच्या खाजणात १७ व १८ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन आरमाराच्या विमानांनी जपानी जहाजांचा संहार केला. पुढे त्या कोमट पाण्यात लोखंडावर प्रवाळ वाढले आणि जगभरचे हौशी पाणबुडे तेथे उतरू लागले. त्यांची वर्णने वाचताना आम्हांस एक क्रियापद खटकते. जहाजे तेथे ‘विसावलेली’ असतात.

‘आयकोकु मारू’ हे सैनिक आणि दारूगोळा घेऊन आलेले जहाज. बॉम्ब लागताच असा स्फोट झाला, की त्याचा पुढचा भाग नाहीसाच झाला. हल्ला करणारे विमानही त्यात गेले. उरलेला भाग साठ मीटरांहून खोल तळावर उभा आहे. १९८०च्या दशकात त्यातील अस्थी काढून दहन करण्यात आले. सगळ्या निघाल्या नाहीत.

या जहाजाशी आपलाही एक धागा जुळतो. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘आयकोकु’ आणि ‘होकोकु मारू’ यांची गाठ रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगॉल’ या लहानशा सुरुंगशोधक जहाजाशी पडली. सोबत ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. ‘होकोकु’ बुडाले, ‘बेंगॉल’ निसटले. ‘ओंडिना’चे खलाशी जीवरक्षक होड्यांत उतरल्यावर मात्र त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

तेव्हा प्रवाळाखालच्या त्या अस्थी कोणाच्या मानाव्यात? गोळ्या झाडणाऱ्यांच्या, असे म्हणून मोकळे होता येत नाही. ट्रुकला बुडालेले ते सैनिक सव्वा वर्षापूर्वीच्या त्या लढाईतले नव्हते. ते केवळ उतारू होते.