पत्ता नको, क्रमांक द्या

डेटाबेसच्या वर्गात फॉरेन की दोन मिनिटांत शिकवून होते. एका टेबलातल्या रकान्यात दुसऱ्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे तिथली ओळ नेमकी ओळखायची खूण, लिहायची, की झाली जोडणी. पोरं मान डोलावतात. इतक्या उघड गोष्टीसाठी कुणाला वाद घालावा लागला असेल, असं वाटतही नाही.

पण 1960च्या दशकात नोंदी पॉइंटरने बांधलेल्या असत. एका नोंदीत दुसरीची साठवणुकीतली जागा लिहिलेली असे आणि प्रोग्रामरने त्या मागावरून चालत जायचं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी घडवलेली आयडीएस ही डेटाबेस प्रणाली अशीच चाले. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला आयबीएमने नॉर्थ अमेरिकन रॉकवेलच्या साथीने आयएमएस बांधली; तिच्यात नोंदींची उतरंड होती. आखलेल्या वाटेने गेलात तर काम झटपट होई. मांडणी बदलली, की तिच्या भरवशावर लिहिलेले प्रोग्राम बंद पडत.

आयबीएमच्याच सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड होते. इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवलेले, ऑक्सफर्डला गणित शिकलेले. जून 1970मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये त्यांचा 11 पानांचा लेख आला आणि त्यात फॉरेन कीची व्याख्या होती. एका टेबलातला असा रकाना किंवा रकान्यांचा गट, जो तिथली प्रायमरी की नाही, पण ज्यातली मूल्यं दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीतली आहेत. ते दुसरं टेबल म्हणजे पहिलंच असलं तरी चालेल, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. म्हणून तर कर्मचाऱ्याच्या ओळीत त्याच्या साहेबाचा क्रमांक लिहिता येतो, आणि साहेबही त्याच टेबलात सापडतो.

त्या लेखातलं उदाहरणही कर्मचाऱ्यांचंच आहे. कर्मचारी, त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास, पगाराचा इतिहास, मुलं: चार टेबलं, आणि चारही ठिकाणी कर्मचाऱ्याचा क्रमांक. पत्ता कुठेच नाही. ओळी डिस्कवर कुठेही हलवा, क्रमांक तोच राहतो. आणि वाट दोन्ही दिशांनी खुली. कागदावर अशी क्रमांकाची जोडणी आपल्याकडे तलाठी करतच आले आहेत. सातबारावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो, त्यावरून गाव नमुना 6च्या वहीतली नोंद शोधायची. ती वही कपाटाच्या कुठल्या फळीवर आहे, हे कुणी सातबारावर लिहीत नाही.

मात्र कॉड यांची व्याख्या नुसतं वर्णन करत होती, राखण करत नव्हती. कर्मचाऱ्याची ओळ पुसली तर त्याच्या मुलांच्या ओळींचं काय? नसलेल्या कर्मचाऱ्याचा क्रमांक कुणी लिहिला तर त्याला अडवायचं कुणी? या प्रश्नांना 1970च्या व्याख्येत उत्तर नव्हतं. अशा टेबलांशी बोलायच्या एसक्यूएल या भाषेचं पहिलं मानक 1986मध्ये आलं, त्यात फॉरेन की नव्हतीच. ती 1989च्या आवृत्तीत आली. मूळ ओळ गेली की तिच्यावर अवलंबून असलेल्याही पुसाव्यात की रकाना रिकामा करावा, हे ठरवायची सोय 1992च्या मानकाने दिली. ऑरॅकल या डेटाबेसच्या सहाव्या आवृत्तीत फॉरेन की लिहिता येई, पण ती पाळली जाऊ लागली सातव्या आवृत्तीपासून.

दिरंगाईमागे खर्चाचं कारण होतंच. प्रत्येक नव्या ओळीसाठी मूळ टेबलात डोकवावं लागतं, प्रत्येक पुसण्याआधी आश्रित ओळी शोधाव्या लागतात. तरीही मला ही सबब लंगडी वाटते. तपासणीचा खर्च रोज थोडा थोडा होतो. अनाथ ओळी निस्तरायचा एकदम अंगावर येतो, आणि तोवर त्या कुणी घातल्या हे सांगणारंही कुणी उरलेलं नसतं.

मायएसक्यूएल या डेटाबेसने तर आणखी मजा केली. त्याचं मायआयसॅम हे साठवणुकीचं इंजिन फॉरेन कीचं वाक्य निमूटपणे वाचून घेई आणि सोडून देई. ना चूक दाखवी, ना राखण करी. फॉरेन की पाळणारं इनोडीबी 2010मध्ये, 5.5 आवृत्तीपासून, तिथलं ठरलेलं इंजिन झालं.

फोनमधल्या ॲपांत सर्रास वापरलं जाणारं एसक्यूलाइट 2009पासून फॉरेन की पाळू शकतं. पण मुळात ही तपासणी बंद असते. प्रत्येक जोडणीच्या वेळी वेगळा आदेश देऊन ती सुरू करावी लागते. तुम्ही एसक्यूलाइटवर काही बांधलं असेल, तर तो आदेश दिला आहे का, एकदा बघून घ्या.