पाण्यात बुडालेली गाडी आणि भरवशाचे गॅरेज

ऑक्टोबर 2020 च्या पुरात हैदराबादेत अनेक वस्त्यांमधल्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावरही सुरू करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टोचन करूनच गॅरेजला न्यावी.

म्हणून घराजवळचे गॅरेज आधीच ठरवून ठेवा, असे आम्ही सभासदांना सुचवतो. साध्या सर्व्हिसिंगच्या वेळीच पारख होते: खर्चाचा अंदाज लेखी देतात का, न विचारता काम वाढवत नाहीत ना, बदललेले जुने पार्ट दाखवतात का. पॉलिसीत इंजिनाचे जादा संरक्षण आहे का, तेही पावसाळ्याआधी तपासावे.