रेडिएटरमधल्या पाण्याचा इतिहास #थ्रेड

१/ मोटारीचे कूलंट ठरावीक काळाने काढून नवे भरावे, असे आज बहुतेक वाहनांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. शंभर वर्षांपूर्वी थंड प्रदेशांतील चालक हेच काम हिवाळ्यात रोज रात्री करीत. या बदलामागे रसायनशास्त्राचा आणि काही मृत्यूंचाही इतिहास आहे.

२/ कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफेवाटे निघून जाई. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत तिला वारंवार पाणी भरावे लागले.

३/ पहिल्या मर्सिडीझसाठी (१९००-०१) विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांतून वारा वाहू लागला आणि तेच ते पाणी थंड होऊन फिरू लागले.

४/ पाणी गाडीतच राहू लागले, तशी नवी आपत्ती उद्भवली. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून रात्री तोटी उघडून पाणी काढायचे, सकाळी पुन्हा भरायचे. एका रात्रीचा विसर इंजिनाच्या मुळावर येई.

५/ पाण्यात मिथेनॉल मिसळणे हा एक उपाय होता. पण ते ६५ अंश सेल्सिअसलाच उकळते. ते उडून जाई आणि संरक्षणही त्याच्याबरोबर जाई.

६/ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ याने १८५० च्या दशकात तयार केलेले इथिलीन ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते. १९२७ मध्ये अमेरिकेत ते 'प्रेस्टोन' नावाने बाजारात आले. गंमत अशी, की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठते; निम्मे पाणी मिसळले, की मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहते.

७/ मात्र हा द्रव गोड आणि विषारी आहे. शरीरात त्यापासून बनणारे ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. त्यावर उतारा म्हणून डॉक्टर दीर्घकाळ इथेनॉल वापरीत आले. रेडिएटरमधून हद्दपार झालेल्या मद्यार्काच्याच कुळातले हे औषध! पुढे काही ठिकाणी कूलंटमध्ये कडू द्रव्य मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले.

८/ ग्लायकॉल कुळाचा महाराष्ट्राशी एक दुःखद संबंध आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली.

९/ मुंबई-पुण्यात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? ते उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातील गंजरोधके धातूचे रक्षण करतात. ही गंजरोधके कालांतराने संपतात, द्रव आम्लधर्मी होतो आणि रेडिएटरलाच खाऊ लागतो. म्हणून ते बदलावे लागते.

१०/ काढलेला द्रव गटारात ओतू नये, परातीत उघडाही ठेवू नये. त्याच्या गोडीला भुललेल्या कुत्र्या-मांजरांना हा इतिहास ठाऊक नसतो.