वैद्याची तिथि : पदवी, अनुज्ञा आणि विषम तुकडी

अंबरनाथ येथील शिवालयाच्या शिलालेखांतील शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा निश्चित केला. एका अंकाच्या फेरानें देवालयाचें वय दोनशें वर्षांनीं बदललें. कागदावरील वा पाषाणावरील तिथीचें महत्त्व या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नलगे. परंतु ज्या वैद्यानें तो शक प्रथम वाचला, त्याच्या व्यवसायबंधूंच्या स्वतःच्या कागदांवरील तिथींकडे मात्र संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. अंबरनाथाच्या पुढच्याच स्थानकालगत, बदलापुरांतील शिरगांवीं, आमचें वास्तव्य आहे. तेथील घरोघरीं आज वैद्यकाचे विद्यार्थी आहेत व त्यांच्या मातापितरांच्या तोंडीं गुणांहूनहि अधिक तारखांची चर्चा असते. नेहमींच्या हंगामाबाहेर उत्तीर्ण झालेल्या वैद्याची वाट कोठें व कां अडते, याचा पूर्वपीठिकेसह विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्राचीन मत पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दहाव्या अध्यायांत वैद्यानें व्यवसायांत केव्हां उतरावें याचें विवेचन आहे. शास्त्राचें अध्ययन झालेलें असावें, प्रत्यक्ष कर्म पाहिलेलें असावें, हातानें अभ्यास केलेला असावा आणि राजाची अनुज्ञा मिळालेली असावी, असा त्याचा आशय आहे. आजची परीक्षा, आजची इंटर्नशिप व आजची नोंदणी या तिन्ही गोष्टींचें बीज येथें स्पष्ट दिसतें. नाहीं ती एकच गोष्ट : अमुक तिथीच्या आंत हें सर्व घडावें, अशी अट.

मुंबई इलाख्यांत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालीं सुरू झालें व त्याची पहिली तुकडी १८५१ सालीं बाहेर पडली. भाऊ दाजी त्याच तुकडींतले. मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें १८५७ सालीं. म्हणजे या पहिल्या वैद्यांची पदवी विश्वविद्यालयाची नसून महाविद्यालयाची होती, आणि तेवढ्यावर त्यांचा व्यवसाय चालला. पुढें १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यानें वैद्यांची नोंदवही अस्तित्वांत आली. तेथपासून उत्तीर्ण होण्याची तिथि एक व अधिकाराची तिथि दुसरी, अशी फोड झाली. स्वातंत्र्योत्तर काळांत सक्तीची इंटर्नशिप आली आणि या दोन तिथींत एका वर्षाचें अंतर पडलें.

हें अंतर केवढें मोठें, तें डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून ध्यानांत येईल. कल्याणचें माहेर असलेल्या या बाईंना फिलाडेल्फिया येथील पदवी ११ मार्च १८८६ रोजीं मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु तेथें रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या निवर्तल्या. पदवी व मृत्यु यांत अकरा महिने पंधरा दिवस गेले. आजच्या नियमानें त्यांची बारा महिन्यांची इंटर्नशिपहि पुरी झाली नसती. त्या काळीं मात्र पदवी हाच अधिकार असल्यानें नेमणूक तात्काळ होऊं शकली.

आतां आजची रीत. अंतिम परीक्षेंत एखाद्या विषयांत मागें राहिलेला विद्यार्थी कांहीं महिन्यांनीं पुरवणी परीक्षेस बसतो. अशांच्या तुकडीस आपल्याकडे ‘ऑड बॅच’ म्हणतात. आम्ही तीस विषम तुकडी म्हणूं. निकालानंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग बारा महिने इंटर्नशिप, मग कायम नोंदणी, असा क्रम आहे. बारा महिन्यांचे अकरा करतां येत नाहींत. रजा अधिक झाल्यास दिवस मात्र वाढतात. निवासी डॉक्टर म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेण्यास ‘नीट-पीजी’ ही परीक्षा द्यावी लागते, व ठरलेल्या दिवसापर्यंत इंटर्नशिप संपणार असेल तरच तिचें दार उघडतें. तो दिवस चार दिवसांनीं हुकला तरी पुढच्या परीक्षेची वाट पाहावी लागते. जणूं हा विद्यार्थी अधिक मासांत जन्मला : दिवस खरे, पण कार्यास वर्ज्य.

हा ठरलेला दिवस अढळ आहे काय ? कागद पाहतां तसें दिसत नाहीं. महामारीमुळें १८ एप्रिल २०२१ ची नीट-पीजी ११ सप्टेंबरवर गेली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासहि आपल्या परीक्षा लांबणीवर टाकाव्या लागल्या. त्यामुळें संबंध तुकड्याच विषम झाल्या. मग २०२२ सालीं इंटर्नशिपची मुदत ३१ मेवरून ३१ जुलैवर नेण्यांत आली. २०२३ सालीं ती ३१ मार्च होती, ती प्रथम ३० जून व नंतर ११ ऑगस्ट झाली. परीक्षा मात्र ५ मार्चलाच झाली. २०२४ सालीं ती १५ ऑगस्ट होती, २०२५ सालीं ३१ जुलै. यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, हजारोंना उशीर झाला म्हणजे तो काळाचा दोष ठरतो व मुदत हलते. एकट्यास उशीर झाला म्हणजे तो त्याचा दोष ठरतो व मुदत अचल राहते. रोग्याच्या दृष्टीनें दोघांच्या विद्येंत कांहींच अंतर नाहीं.

परदेशीं जाणाऱ्यांचीहि गत निराळी नाहीं. अमेरिकेंत निवासी वैद्यांचें वर्ष १ जुलैस सुरू होतें. अर्ज आदल्या सप्टेंबरांत जातात आणि जागांची वांटणी मार्चांत जाहीर होते. तेथील अनुज्ञा-परीक्षांचे पहिले भाग विद्यार्थिदशेंतच देतां येतात, म्हणून विषम तुकडीची अडचण परीक्षेंत नसते. ई. सी. एफ. एम. जी. या संस्थेच्या प्रमाणपत्रास अंतिम पदवी लागते, ती अडचण तेथें येते. ज्याची इंटर्नशिप ऑगस्टांत संपली, त्यास पुढील जुलैची वाट पाहणें प्राप्त होतें. आणि मधल्या महिन्यांत काय केलें, याचें उत्तर तयार ठेवावें लागतें. तें उत्तर रुग्णसेवेचें असावें, इतकेंच त्याच्या हातीं आहे.

आपल्या देशांत अनुज्ञा व पदव्युत्तर प्रवेश या दोहोंसाठीं ‘नेक्स्ट’ ही एकच परीक्षा असावी, अशी तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यांत करण्यांत आली. २०२३ च्या जुलैंत ती लांबणीवर पडली. परीक्षा एक होवो वा दोन, मुदतीचा प्रश्न तिनें आपोआप सुटणारा नाहीं. परीक्षेस बसण्याचा हक्क निकालावर ठेवावा, आणि इंटर्नशिप पुरी झाल्याची अट प्रत्यक्ष प्रवेशाच्या दिवशीं लावावी, एवढा साधा उपाय आम्हांस सुचतो. २०२३ सालीं परीक्षेनंतर पांच महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हां व्यवहारांत तोच घडला.

अंबरनाथाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ सालीं शंभर जागांनिशीं सुरू झालें. साडेपांच वर्षांचा क्रम धरतां त्याची पहिली तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. त्यांतील कांहीं आमच्या शिरगांवचे असतील व कांहीं विषम तुकडींतलेहि असतील. हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, वैद्यांच्या घरचे कागद हातीं आल्यास केवळ सोनेरी अक्षरांची पदवी जपून गुणपत्रिका, तात्पुरती नोंदणी व इंटर्नशिपचा दाखला रद्दींत टाकूं नयेत. चरित्रकारास पदवीवरून मनुष्य वैद्य केव्हां झाला इतकेंच कळेल. त्यास वैद्य होऊं देण्यांत किती काळ गेला, तें या किरकोळ कागदांवांचून कळणार नाहीं.