बिस्पोक: बोलून शिवलेला कपडा

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 आहेत. खाकीचा नमुना सरकारने ठरवलेला, तरी छाती, कंबर, खांदा ज्याचा त्याचा. म्हणून गणवेश शिवायचा तर मापाच्या वहीत नोंद आधी आणि कात्री नंतर. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर अशा कपड्याला ‘बिस्पोक’ म्हणतात. लग्नाच्या सुटांच्या जाहिरातींतून हा शब्द आता आपल्याकडेही आला आहे.

‘बिस्पीक’ हे जुने इंग्रजी क्रियापद. आधी बोलून ठेवणे, मागणी नोंदवणे हा त्याचा अर्थ. त्यातून घडलेले ‘बिस्पोक’ हे विशेषण पुढे कपड्यांना लागले. ‘टेलर’ या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधले कापणे आहे, ‘दर्जी’च्या मुळाशी फारसीतली शिवण, बिस्पोकच्या मुळाशी मात्र गिऱ्हाइकाचे बोलणे आहे. पूर्ण हाताने न शिवलेल्या सुटालाही हा शब्द लावता येईल, असा निर्णय ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने 2008 मध्ये दिला. शब्दाचे कूळ पाहिले तर त्याला आधार आहे. माझे मन तरीही तासन्‌तास हाताने टाके घालणाऱ्या शिंप्यांच्या बाजूने आहे.

मराठीने यासाठी कात्रीकडून शब्द घेतला: बेतणे. मापाप्रमाणे कापड कापणे म्हणजे बेतणे. हिंदीतल्या ‘ब्योंत’चेही कापडाची कापणी आणि आखणी असे दोन्ही अर्थ आहेत. एकदा कात्री चालली की कापड पुन्हा जुळत नाही, तेव्हा सगळा विचार आधी करावा लागतो. रविवारच्या जेवणाचा बेत आपण याच शब्दाने ठरवतो.

शिवून घेतलेल्या कपड्याला वेगळे नाव लागण्याची वेळ आली ती तयार कपड्यांमुळे. त्यात लष्कराचा वाटा मोठा. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांचे गणवेश ठरावीक मापांत ढिगाने शिवले गेले आणि त्या धंद्याने जोर धरला. शिरूरच्या जुन्या छावणीतली रीत वेगळी होती. 1817 साली उभी राहिलेली पूना हॉर्स ही घोडदळाची तुकडी तिथे असे, आणि तिच्यात शिलेदारी चाले: घोडा आणि कपड्यांसह सरंजाम स्वाराचा स्वतःचा.

इंग्रजीत शिवून घेतलेल्या कपड्याला खास नाव मिळाले. आपल्याकडे नवे नाव लागले ते तयार कपड्याला, ‘रेडिमेड’. शिवलेला तो नुसताच सदरा. नेहरू शर्ट घालणारी जुनी माणसे अजूनही मापाला जुना शर्ट टेलरकडे टाकतात आणि चोरखिसा केवढा, कुठल्या बाजूला, हे समोर उभे राहून सांगतात.