‘मेंटर’ आणि स्त्री-आरोग्याचे संशोधन

‘मेंटर’ हा शब्द मुळात विशेषनाम होय. होमरच्या ‘ओडिसी’त युद्धावर निघालेला ओडिस्यूस आपले घर ज्याच्या हवाली करतो, तो वृद्ध मित्र मेंटर. त्याच्या पुत्रास नेमका उपदेश करते ती मात्र मेंटरचे रूप घेतलेली अथीना देवी! फेनेलोंच्या १६९९ च्या कादंबरीमुळे हे नाव युरोपात रूढ झाले व पुढे सामान्यनाम बनले. सल्ला देवीचा आणि नाव म्हाताऱ्याचे, हा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात अगदीच अपरिचित नाही.

अमेरिकेत १९८२ मध्ये ॲस्पिरिन व हृदयविकार यांविषयी जो मोठा प्रयोग सुरू झाला, त्यातील २२,०७१ डॉक्टरांत एकही स्त्री नव्हती. हृदयविकाराचे झटके कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष. पुढे ३९,८७६ स्त्रियांवर स्वतंत्र प्रयोग झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत झटक्यांचे एकूण प्रमाण घटलेले आढळले नाही, घटले ते पक्षाघाताचे. दोन्ही प्रयोगांतील मात्रा भिन्न होत्या हे खरे. तथापि पुरुषांवरून स्त्रियांचे अनुमान करणे किती धोक्याचे, हे त्यावरून ध्यानी येते.

राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९० मध्ये स्त्री-आरोग्य संशोधनाचे कार्यालय स्थापिले. प्रयोगांत स्त्रियांचा समावेश १९९३ च्या कायद्याने बंधनकारक झाला. परंतु कायद्याने प्रयोगास स्त्रिया मिळतात, प्रश्न विचारणारे संशोधक मिळत नाहीत. तरुण अध्यापक-डॉक्टरांचा दिवस रुग्ण आणि वर्ग यांतच संपतो. संशोधन दाखविल्यावाचून अनुदान नाही आणि अनुदानावाचून संशोधनास वेळ नाही, असा हा पेच होता.

तो सोडविण्यासाठी २००० मध्ये ‘बर्च’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना आली. तीत अनुदान विद्यापीठास मिळे, तरुण संशोधकांची निवड विद्यापीठ करी, आणि निवडलेल्यांचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवणे आवश्यक असे. निवड स्त्रियांपुरती मर्यादित नव्हती. सोबतीस अनुभवी मेंटर असत, तेही भिन्न विद्याशाखांतील; कारण स्त्रीचे हृदय वा हाडे केवळ प्रसूतिशास्त्राच्या कक्षेत मावत नाहीत. मेंटरइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या राखीव वेळेस द्यावयास हवे. सवड नसलेल्या शिष्यास उत्तम गुरूचाही उपयोग अल्पच.

‘मेंटर’ला मराठीत ‘गुरू’ म्हणावे, तर परंपरा जशीच्या तशी पुढे नेण्याची अपेक्षा त्यात डोकावते. या योजनेस मात्र शिष्य स्वतंत्र व्हावयास हवा होता. ‘मार्गदर्शक’ म्हणावे, तर आपल्या विद्यापीठांत त्याचे काम प्रबंध मान्य होताच संपते. येथे मेंटरचे काम पदवीनंतर सुरू होई.